अंगठा उमटला नाही तरी धान्य तुमचंच

रेशन, अन्नवाटप आणि मोबाइल या विषयावर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात आवाहन केलं होतं. कोल्हापूर शहरातून प्रश्न आले, करवीर आणि शिरोळ तालुक्यांतून आले. काहींनी पोस्टकार्ड टाकलं, बहुतेकांनी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मी पुरवठा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आता शुक्रवारी संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका वाचनालयात टेबल मांडून बसते आणि लोकांची रेशनकार्डं बघते. खालची उत्तरं त्या टेबलावरच्या अनुभवातून दिली आहेत. विचारणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी आई चार घरी भांडी घासते. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, “मशीनच घेत नाही, मी काय करू? पुढच्या आठवड्यात या.” असं करून दोन महिन्यांचं धान्य गेलं. कार्डावर आई, मी आणि धाकटा भाऊ आहोत. काय करावं?
– एक विद्यार्थिनी, राजेंद्रनगर

उत्तर : आधी आईला सांग, की यात तिचं काहीही चुकलेलं नाही. भांड्यांची पावडर, सोडा, फरशीचं अ‍ॅसिड यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात. गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवणाऱ्या बायका, ऊसतोडणी करणारे, गुऱ्हाळावरचे मजूर, साठी ओलांडलेली माणसं, सगळ्यांचं हेच होतं. ज्यांना धान्याची सर्वांत जास्त गरज, नेमकी त्यांचीच बोटं मशीन ओळखत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींपैकी ही मला सर्वांत जास्त लागते. रिकामी पिशवी घेऊन परतणारी बाई मान खाली घालून चालते, आणि तिनं तसं चालायचं काहीच कारण नसतं.

आता उपाय. कार्डावर ज्यांची नावं आहेत आणि ज्यांचं आधार जोडलेलं आहे, त्यांच्यापैकी कुणीही अंगठा देऊ शकतं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम १३ प्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली जाते. त्यावरून अंगठाही तिचाच लागतो असा दुकानदारांचा आणि लोकांचाही समज होऊन बसला आहे. तो खरा नाही. कॉलेज सुटल्यावर तू जा, नाहीतर भावाला पाठव. तुमचं कार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी ५ किलो, म्हणजे तिघांचं महिन्याला १५ किलो धान्य होतं. जानेवारी २०२३ पासून त्याला एक रुपयाही द्यावा लागत नाही.

तरी आईचं बोट दुरुस्त करून घ्यायलाच हवं, कारण तू उद्या शिकायला बाहेर गेलीस तर? जाण्याआधी तिला कोमट पाण्यानं हात धुऊन पुसायला सांग. दुकानदाराला दहाही बोटं लावून बघायला सांग. कुठलं बोट नीट जुळतं ते एकदा कळलं की दर महिन्याला तेच लावायचं. बोटच जुळत नसेल आणि आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर ओटीपीचा मार्ग आहे. दुकानातल्या मशीनला डोळ्याचं बुबुळ वाचायची सोय असेल तर तीही वापरता येते. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्यानं देणं हा कायमचा इलाज. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी नॉमिनी नेमता येतो. त्यासाठी पुरवठा कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.

आणि हे सगळं करूनही मशीननं नकार दिला तर? झारखंडमध्ये २०१७ साली एका लहान मुलीचा मृत्यू झाला. आधार जोडलं नाही म्हणून तिच्या घरचं कार्ड रद्द झालेलं होतं. त्यावर देशभर गदारोळ झाला. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागानं सगळ्या राज्यांना लेखी कळवलं : आधार नाही, नेटवर्क नाही किंवा बोट जुळत नाही, या कारणावरून हक्काच्या माणसाला धान्य नाकारायचं नाही. ओळख दुसऱ्या पुराव्यावरून पटवायची, वहीत नोंद करायची आणि धान्य द्यायचं. हे पत्र मी मोबाइलमध्ये ठेवलेलं असतं. तूही ठेव. दुकानदाराशी भांडू नकोस, त्याला शांतपणे वाचून दाखव. पुष्कळ दुकानदारांनी ते कधी बघितलेलंच नसतं.

त्यानं तरीही परत पाठवलं, तर मशीनच्या पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो काढ, तारीख आणि वेळ लिहून ठेव आणि १९६७ वर किंवा राज्याच्या १८००-२२-४९५० वर तक्रार नोंदव. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. पुढची पायरी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, कायद्याचं कलम १५. त्यांच्याकडेही न्याय मिळाला नाही तर महाराष्ट्र राज्य अन्न आयोग. हक्काचं धान्य मिळालं नाही तर कलम ८ प्रमाणे त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. तो मागणारे फार थोडे भेटतात, म्हणून अर्जात दोन्ही गेलेल्या महिन्यांचा उल्लेख करून तो मागच. या शुक्रवारी आईला घेऊन ये, अर्ज आपण बसून लिहू.

प्रश्न : दुकानदार देतो तेवढं घेऊन येतो. आमचं नेमकं किती असतं ते कसं कळणार?
– शाहूपुरीतले एक हमाल

उत्तर : मशीनमधून पावती निघते. ती मागून घ्या. कार्डावर किती नावं आणि किती किलो, हे तिच्यावर असतं. अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांचं कार्ड असेल तर माणसं कितीही असोत, ३५ किलो. मोबाइलवर ‘मेरा राशन’ अ‍ॅप घेतलंत तर तुमचा हक्क किती, मागच्या महिन्यांत किती उचललं आणि जवळची दुकानं कोणती, हे दिसतं. राज्याच्या ई-पॉस (दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनच्या) संकेतस्थळावर आरसी क्रमांक, म्हणजे रेशनकार्डाचा क्रमांक, महिना आणि वर्ष टाकलं की त्या महिन्याचा व्यवहार समोर येतो. क्रमांक बारा अंकी असतो. तुम्ही धान्य उचललेलंच नाही आणि तिथं उचललेलं दिसतंय, तर पडद्याचा फोटो हाच तुमचा पुरावा.

एक सावधगिरी सांगते. तो क्रमांक ज्याच्या हातात पडेल, त्याला तुमच्या घरातली माणसं दिसू शकतात. गल्लीच्या ग्रुपवर कार्डाचा फोटो टाकायची सवय मोडा, कुणी कितीही भल्या हेतूनं मागितला तरी. माहिती तुमच्याकडे यायला हवी, तुमच्याकडून गावभर जायला नको. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला महिन्यातून एकदा पावती आणि मोबाइल ताडून बघायला बसवा. ती पोरं हे फार आवडीनं करतात.

प्रश्न : आमच्या तालमीत पंधरा-वीस पोरं आहेत. लग्नसराईत कार्यालयांत अन्न वाया जातं ते बघवत नाही. एक मित्र कॉम्प्युटर इंजिनीअर आहे, तो अ‍ॅप करून देतो म्हणतो. कार्यालयवाल्यानं अ‍ॅपवर टाकायचं, आम्ही उचलून गरजूंना द्यायचं. सुरुवात कशी करू?
– एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : तुमची कळकळ पत्रातून कळते आणि पेठेतल्या पोरांनी मनावर घेतलं की काय होतं ते मी महापुरात पाहिलंय. म्हणून मोकळेपणानं सांगते : अ‍ॅप आत्ता करू नका.

दुपारी तीन वाजता केटररची अवस्था बघा. भांडी घासायला पडलेली, मंडपवाला घाई करतोय, संध्याकाळचं दुसरं कार्य उभं आहे. तो नवं अ‍ॅप उघडून पासवर्ड टाकणार नाही, तो फोन करणार. तेव्हा एकच नंबर ठेवा, तो पाळीपाळीनं तुमच्यातल्या एकाकडे असू दे. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप ठेवा आणि मागं एक गूगल शीट. तिच्यात रकाने इतकेच : कुठून, काय, किती माणसांचं, शिजवून किती वाजता झालं, कुणी उचललं, कुठं आणि किती वाजता पोचलं. खाणाऱ्याच्या नावाचा रकाना नको. मित्राचं कौशल्य वाया जाणार नाही, ती शीट चोख ठेवणं हे त्याचं काम.

या रकान्यांत सर्वांत मोलाचा ‘शिजवून किती वाजता झालं’ हा. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जितका वेळ राहील, तितके त्यात जंतू वाढतात. एप्रिल-मेच्या कोल्हापुरात मसालेभाताचं पातेलं मंडपात तीन तास उघडं राहिलं की ते कुणाच्याही पोटात जाऊ देऊ नये. भातातले काही जंतू असं विष सोडतात की पुन्हा गरम केलं तरी ते जात नाही. मठ्ठा, बासुंदी, रस्सा उचलायचाच नाही. चपात्या, जिलेबी, न वापरलेला कच्चा भाजीपाला आणि शिधा खुशाल घ्या. पंगतीत वाढून झालेलं, ताटाजवळ गेलेलं काही नको. अन्न तपासायचा थर्मामीटर आणि गरम ठेवणारे झाकणाचे डबे, एवढी खरेदी मात्र करा. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबद्दल अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ सालचे नियम आहेत. ते वाचून घ्या आणि लागणारी नोंदणी करा. गरिबाला विषबाधा झाली तर त्याच्याजवळ दवाखान्याचे पैसेही नसतात.

दुसरी अडचण खाणाऱ्याची. ‘गरजू’ एका जागी बसून तुमची वाट बघत नसतात. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात पेशंटचे नातेवाईक असतात, त्यांना सकाळी आणि रात्री भूक असते. तुमचा टेम्पो पोचणार दुपारी चारला. स्टँडवर, रेल्वे स्टेशनबाहेर वेगळी वेळ. आधी शहरभर फिरा, कुठं कुणाला कुठल्या वेळी भूक असते ते गूगल मॅपवर खुणा करून ठेवा, मग कार्यालयांकडे जा. आणि तुमच्याच पेठेत, जुन्या वाड्यांच्या मागच्या खोल्यांत, एकटी म्हातारी माणसं राहतात. मुलं पुण्याला, हातात साधा फोन, तोही रिचार्ज संपलेला. ती रांगेत उभी राहणार नाहीत, मेली तरी नाहीत. त्यांना जिलेबी चालत नाही. त्यांना रोज मऊ भात आणि आमटी लागते. त्यांचा पत्ता कुठल्याही अ‍ॅपला सापडणार नाही, तो तुम्हाला ठाऊक आहे. तालमीची खरी ताकद तीच आहे.

तिसरं, आणि मला हेच मनापासून सांगायचंय. मुहूर्त ठरावीक दिवशी असतात, भूक रोज असते. कार्यालयातलं वाया जाणारं अन्न डोळ्यांना दिसतं म्हणून सलतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल मात्र सांगतो की जगात वाया जाणाऱ्या अन्नापैकी साधारण साठ टक्के घरांतून जातं. लग्नाच्या उरल्यासुरल्यावर पेठेचं पोट चालणार नाही. तुम्ही वीस जण आहात ना? मग एकेकानं पाच घरं घ्या. कार्ड आहे का, सगळ्यांची नावं आहेत का, केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालीय का, अंगठा लागतो का, संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज केलाय का, एवढं मोबाइलवर त्या घरच्या माणसासमोर बसून बघा आणि त्याच्याच मोबाइलमध्ये ठेवून या. शंभर घरांत जी कार्डं अडकलेली सापडतील, ती सुटली की माणशी ५ किलो धान्य दर महिन्याला त्या घरी येईल, टेम्पो न लावता आणि कुणाचे आभार न मानता. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं उघडली. भुकेल्याला धान्य मिळेल अशी व्यवस्था लावणं हे आपल्या शहराला नवं नाही.

वाटपाचे फोटो काढू नका. देणगीदार मागतील, तरी नाही. त्यांना शीटमधली बेरीज आणि यूपीआयवर आलेल्या-गेलेल्या पैशांचा हिशेब दाखवा. हात पसरलेल्या बाईचा फोटो एकदा ग्रुपवर गेला की तो तिच्या मुलाच्या वर्गापर्यंत पोचतो.

प्रश्न : साखर कारखान्याच्या हंगामात आमच्या शाळेजवळ ऊसतोड मजुरांची पालं पडतात. मुलं शाळेत येतात, पण घरात धान्य विकतचं. कार्डं बीडकडच्या गावांत. कुठंही धान्य मिळतं असं ऐकलं होतं, पण इथला दुकानदार “तुमचं कार्ड इथलं नाही” म्हणतो.
– एक शिक्षिका, कसबा बावडा परिसर

उत्तर : तुम्ही बरोबर ऐकलंय आणि दुकानदार चुकीचं सांगतोय. ‘एक देश एक रेशनकार्ड’ची सुरुवातच ऑगस्ट २०१९ मध्ये झाली तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात ही पहिल्या जोड्यांपैकी एक होती. जून २०२२ पर्यंत सगळी राज्यं तिच्यात आली. बीडचं कार्ड कोल्हापुरात वापरायला तर राज्याची हद्दही ओलांडावी लागत नाही. बारा अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगायचा, अंगठा द्यायचा, धान्य घ्यायचं. कार्डाचा कागद जवळ असायचीही गरज नाही. कुठल्याही शंकेसाठी १४४४५ हा या योजनेचा नंबर आहे.

पण मजुरांशी बोलताना एक गोष्ट नीट समजावून सांगा. धान्य कार्डावरचं आहे, आणि गावाकडे त्याच कार्डावर आजी-आजोबा जगताहेत. इथं सगळं उचललं तर तिकडच्या मशीनवर शून्य दिसेल. सगळं उचलण्याची सक्ती नसते. सहा नावांचं कार्ड असेल आणि चौघं इथं असतील तर २० किलो इथं घ्यायचं आणि १० किलो म्हाताऱ्यांसाठी ठेवायचं. महिना लागला की गावी एक फोन करून ठरवून घेतलं तर भांडण होत नाही.

दुकानदाराचीही एक खरी अडचण आहे. त्याला धान्य येतं ते त्याच्या दुकानाला जोडलेल्या कार्डांच्या हिशेबानं. एकाएकी शंभर पालं आली की त्याच्याकडे साठा पुरत नाही आणि आपली रोजची गिऱ्हाइकं दुखवायची नाहीत म्हणून तो परक्याला हाकलतो. इथं तुमचा उपयोग होईल. हंगाम सुरू होताच किती कुटुंबं, किती माणसं, एवढा आकडा तहसीलच्या पुरवठा शाखेला शाळेच्या पत्रावर कळवा आणि वाढीव धान्य मागा. आधार कार्डांचे फोटो गोळा करू नका, आकडा पुरतो. दुकानाची वेळ हाही प्रश्नच. ही माणसं पहाटे अंधारात फडावर जातात आणि दिवस मावळल्यावर येतात. महिन्यातली एक संध्याकाळ त्यांच्यासाठी ठरवून द्या, अशी दुकानदाराला विनंती करा. तुम्ही बाई म्हणून गेलात तर तो ऐकेल.

सहा वर्षांखालची पोरं आणि गरोदर बायका यांच्यासाठी जवळच्या अंगणवाडीत जा. अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपमध्ये गावाकडची नोंद इकडच्या अंगणवाडीत वळवायची सोय आहे. सेविकेला आईचा आधार आणि गावाकडच्या अंगणवाडीचं नाव दिलंत की ती ते करू शकते. पालावरच्या बायका आपणहून अंगणवाडीत जात नाहीत. पहिल्या वेळी तुम्ही सोबत जा.

प्रश्न : सुनेचं आणि नातवाचं नाव ऑनलाइन कार्डावर चढलं, क्रमांकही आहे. पण धान्य जुन्या माणसांचंच येतं. का?
– उचगाव

उत्तर : नाव कार्डावर चढणं आणि ते अन्न सुरक्षेच्या यादीत चढणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. राज्याला केंद्रानं सुमारे ७ कोटी माणसांची मर्यादा दिली आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यातून जिल्ह्याला आणि तालुक्याला इष्टांक, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं तो आकडा, वाटून दिला जातो. इष्टांक भरला की नवं नाव थांबून राहतं, कुणी मृत झालं किंवा लग्न होऊन गेलं की जागा होते. तुम्ही पुरवठा शाखेत नावं ‘योजनेत समाविष्ट’ करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या आणि तालुक्याचा इष्टांक किती भरलाय ते लेखी विचारा. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये आहे. ही मर्यादा आजच्या महागाईत हास्यास्पद वाटेल इतकी खाली आहे आणि ती वाढायलाच हवी, पण अर्ज आजच्या नियमानं करावा लागेल.

प्रश्न : पुरात मदतीच्या गाड्या येतात. रस्त्याकडेच्या घरांना तीन-तीन किट मिळतात, मळ्यातल्या वस्तीला काहीच नाही. गावातल्या पोरांना मोबाइलवरून यात काही करता येईल का?
– एक वाचक, प्रयाग चिखली

उत्तर : ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला मी हेच पाहिलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गाड्या जिथवर जाता आलं तिथं रिकाम्या झाल्या. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. कुठल्या घराला काय हवंय हे मात्र कुणाजवळ लिहिलेलं नव्हतं.

ती यादी पाऊस सुरू व्हायच्या आधी करायची. घरटी एक ओळ : माणसं किती, दोन वर्षांखालचं मूल आहे का, गरोदर बाई, साखरेचा किंवा डायलिसिसचा पेशंट आहे का, पाणी आल्यावर कुठं जाणार – पाहुण्यांकडे की शहरातल्या शिबिरात. आणि एक रकाना बाहेरच्या माणसाला कधीच सुचणार नाही, तो तुम्ही घाला : जनावरांजवळ मागं कोण राहणार. चिखली-आंबेवाडीत माणसं घर सोडत नाहीत ती म्हशींसाठी. बायका-पोरं शिबिरात जातात आणि एखादा बाप्या माडीवर चार-पाच दिवस राहतो. मदतीच्या यादीत तो कुठंच नसतो, कारण कुटुंब ‘स्थलांतरित’ म्हणून मोजलेलं असतं. त्याला शिजवायची सोय नसते. भडंग, शेंगदाणे, गूळ, भाजलेलं पीठ, पिण्याचं पाणी, हे पाणी चढायच्या आधी माडीवर गेलं पाहिजे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ चा मेसेज आला की या घरांचा शिधा हलवायला घ्या.

शीट मोबाइलवर ठेवा, पण तिची छापील प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन-तीन घरी असू द्या. वीज गेली की टॉवर बंद पडतात. आरसी क्रमांकही तिच्यात नको, तो ज्याच्या-त्याच्या मोबाइलमध्ये असू दे, आणि डिजिलॉकरमध्ये ई-कार्ड ठेवलंत तर कागद भिजला तरी अडत नाही.

मदत मागणारा मेसेज एकाच नंबरवरून जाऊ दे. त्यात तारीख, वेळ आणि नेमकी मागणी लिहा : “आज सायंकाळी पाचपर्यंत हवं : दूध पावडर, सॅनिटरी पॅड, मेणबत्त्या. नको : कपडे, ब्रेड.” मागणी भागली की त्याच मेसेजखाली “पूर्ण झालं, पाठवू नका” असं लिहा. नाहीतर सोमवारचा मेसेज शुक्रवारपर्यंत फिरत राहतो आणि पुण्या-मुंबईहून आलेला ब्रेड शाळेच्या व्हरांड्यात बुरशी धरतो. गाडी आली की यादीतल्या क्रमांकानुसार घराला टोकन द्या आणि सुरुवात मळ्यातल्या शेवटच्या वस्तीपासून करा.

पाणी ओसरल्यावरचे दोन-तीन आठवडे जास्त कठीण जातात. चूल, गॅस, पीठ, सगळं चिखलात, मजुरी बंद आणि मदतीच्या गाड्या तोवर थांबलेल्या. २०१९ ला सरकारनं पूरग्रस्त कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ जाहीर केले होते, पण गहू दळायला गिरणी चालू कुठं होती? म्हणून आलेल्या मदतीपैकी काही पीठ आणि डाळ-तांदूळ या दिवसांसाठी बाजूला काढून ठेवा आणि शीटमध्ये तशी नोंद करा.

यादी १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. आजारपणाचे रकाने वाचू नका, फक्त घरं आणि माणसं वाचा. कुठलं घर सुटलंय ते गावकरीच उठून सांगतील.